डावललेले शैलीनियम

वेबपानातील एखाद्या घटकाला लागू पडणारा, पण त्याच गुणधर्मासाठी अधिक प्रबळ नियम हजर असल्यामुळे निष्प्रभ ठरलेला सीएसएस (वेबपानाचे रूप ठरवणारी भाषा) नियम म्हणजे डावललेला शैलीनियम. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्स या पान तपासण्याच्या साधनांमधील 'स्टाइल्स' या भागात अशी ओळ आडव्या रेघेने खोडलेली दिसते. खोडलेली म्हणजे चुकीची, असा नवशिक्यांचा समज होतो. अशुद्ध ओळही खोडली जाते हे खरे, पण क्रोममध्ये तिच्याशेजारी इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण असतो; त्रिकोण नसेल तर ती ओळ सहसा शुद्धच असते, फक्त हरलेली असते. मुंबईकराला हे लोकलवरून चटकन उमगावे: रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये छापील वेळापत्रक चुकीचे ठरत नाही, त्या दिवसापुरता अंमल घोषणेचा असतो.

होकन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली, तेव्हापासूनच ब्राउझर, वाचक आणि पानाचा लेखक या तिघांच्या नियमांचा मेळ घालणे हा तिचा गाभा आहे. निवाडा करताना आधी नियमाचा उगम आणि त्यावरील 'इम्पॉर्टंट' हा अग्रक्रमाचा शेरा पाहिला जातो, मग घटकावरच लिहिलेली इनलाइन शैली, त्यानंतर २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत आलेले लेअर (नियमांचे थर), मग सिलेक्टरचे, म्हणजे नियम कोणत्या घटकांना लागू ते सांगणाऱ्या भागाचे, वजन, आणि तिथेही बरोबरी झाली तर नंतर लिहिलेला नियम जिंकतो. वेगवेगळ्या प्रकारच्या वजनांची एकत्र बेरीज होत नाही. अकरा क्लास (अनेक घटकांना देता येणारी नावे) एकत्र आले तरी एका आयडीला (एकाच घटकाच्या खास नावाला) हरवू शकत नाहीत.

सर्वांत फसवे प्रकरण वारशाचे, म्हणजे बाहेरच्या घटकाचे मूल्य आतल्या घटकाकडे येण्याचे. समजा, दादरच्या एखाद्या ग्रंथालयाच्या मराठी संकेतस्थळावर 'बॉडी'ला, म्हणजे पानाच्या सगळ्या मजकुराला सामावणाऱ्या घटकाला, १.८ लाइन-हाइट (ओळीची उंची) दिली आहे आणि इंग्रजी मजकुरासाठी बेतलेल्या थीमने (तयार शैलीसंचाने) 'एचवन' या मुख्य शीर्षकाला १.१ दिली आहे. दोन ओळींचे शीर्षक आले की वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतात. चिडून 'बॉडी'च्या नियमाला 'इम्पॉर्टंट' जोडले तरी काही बदलत नाही, कारण वारशाने आलेले मूल्य घटकावर थेट लागू झालेल्या कोणत्याही नियमापुढे हरते, मग तो नियम ब्राउझरच्या मूळ शैलीपत्रकातला का असेना. उपाय शीर्षकाच्याच नियमात करावा लागतो.

म्हणून खोडलेल्या ओळीकडे पाहत बसण्यापेक्षा विजेता शोधणे शहाणपणाचे. 'कम्प्युटेड' भागात गुणधर्माचे नाव उलगडले, की अंतिम मूल्य, ते देणारा नियम आणि हरलेले दावेदार एकाखाली एक दिसतात, फाइल व ओळ क्रमांकासह.

ओळ खोडलेली नसली म्हणजे तिचा परिणाम होतोच, असेही नाही. मजकुराच्या ओळीतच बसणाऱ्या इनलाइन घटकाला (चित्रासारखे घटक वगळता) दिलेली 'विड्थ', म्हणजे रुंदी, कोणाकडूनही हरत नाही, तरी वाया जाते. २०१९ पासून फायरफॉक्स अशी ओळ फिकट करून शेजारच्या चिन्हात कारण सांगतो.