शेवट कसा केलाय? : सीमाभागातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

आमच्या खानापूरच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजी गेल्यावर ती उघडली, तेव्हा लुगड्यांच्या घडीखाली सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं सापडली. थिएटरच्या दारात विकायला असायची तसली, चार-आठ पानांची, बोट लावलं की कडेचा चुरा होणारी. पहिल्या पानावर नटनट्यांची नावं, मग 'कथासार', मग गाणी. कथासार कायम ऐन मोक्याला थांबायचं. नायकाच्या हातून खून झालेला असायचा, नाहीतर नायिका नदीकडं निघालेली असायची, आणि खाली एक ओळ छापलेली असायची : पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा.

आजी चौथीपर्यंत शिकलेली. त्या ओळीखाली तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. एका पुस्तकावर 'मेली'. एकावर 'सुटला'. एकावर 'लग्न झालं, पण आई गेली'. आणि एका पुस्तकावर नुसतं 'उगाच'.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सिनेमा बघून आलेल्या माणसाला 'आवडला का?' असं सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते 'शेवट कसा केलाय?' 'केलाय' हा शब्द महत्त्वाचा आहे. शेवट आपोआप होत नाही, कुणीतरी तो करतो, आणि करणाऱ्याला जाब विचारता येतो, हे त्या एका शब्दात गृहीत धरलेलं असतं. ही सवय कुठून आली याचा माग काढायचा, तर सिनेमाच्याही मागं जावं लागतं.

ऐकणाऱ्याला शेवट माहीत असणं ही आपल्याकडची जुनी रीत. श्रावणातली कुठलीही कहाणी घ्या, 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' इथंच ती येऊन टेकते. नाटकातही तेच. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. त्यांचं शाकुंतल १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा दुष्यंताला शकुंतला परत मिळणार हे ठाऊक असूनच लोक तिकीट काढत होते. गोकाकच्या बाजूला कन्नडमध्ये श्रीकृष्ण पारिजाताचे खेळ रात्ररात्र चालायचे, त्यातही रुक्मिणी-सत्यभामेच्या भांडणाचं पुढं काय होणार हे पोरासोरांनाही पाठ.

त्यातून वेगळा निघाला तो बैलहोंगलचा 'संग्या बाळ्या'. हे सण्णाट, म्हणजे छोटा लोकनाट्याचा खेळ, तिथं खरोखर घडलेल्या घटनेवरून रचलं गेलं, असं मानतात. संग्याचं मन इरण्णाच्या बायकोवर, गंगीवर जडतं. जिवलग मित्र बाळ्या आधी मधला माणूस होतो आणि शेवटी त्यालाच दगा देतो. संग्याचा खून होतो. हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार यांनी पुढं हाच विषय आपल्या नाटकात आणला. या खेळाचा शेवट गोड नाही, आणि चुकला कोण याचं उत्तर खेळ देत नाही. संग्या चुकला, गंगी चुकली, इरण्णा चुकला की बाळ्या, हे खेळ संपल्यावर बघणाऱ्यांनी ठरवायचं. माझ्या मते आमच्याकडच्या सिनेमाच्या गप्पांचं मूळ कहाणीपेक्षा या खेळात जास्त आहे.

सिनेमा आमच्याकडं आला तो मुंबईपेक्षा कोल्हापुरातून. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथलीच. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी तिथंच सुरू झाली आणि मराठीतला पहिला बोलपट मानला जाणारा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये तिथंच तयार झाला. मराठी माणसाला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की कन्नडचा पहिला बोलपट 'सती सुलोचना' (१९३४) याचंही चित्रीकरण कोल्हापुरातच झालं. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. दोन्ही भाषांचा पडदा बोलायला लागला तो आमच्या उंबऱ्यापाशी. हरिश्चंद्राला राज्य परत मिळतं, इंद्रजिताची सुलोचना सती जाते. दोन्ही पुराणातले शेवट, त्यामुळं वादाला जागा नव्हती.

वादाला जागा केली 'कुंकू'नं. १९३७ सालचा प्रभातचा हा सिनेमा. नीरा नावाची मुलगी फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाते आणि त्याला नवरा मानायला सरळ नकार देते. शेवटी म्हाताऱ्याला आपली चूक उमगते आणि तो जीव देतो. आजीनं हा सिनेमा लग्नाआधी पाहिला होता आणि पन्नास वर्षांनंतरही ती त्यावर तावातावानं बोलायची. "म्हातारा मोठा झाला मरून. पण पांढरं कपाळ कुणाच्या वाट्याला आलं? तिच्याच की." तो शेवट त्या काळी किती धाडसाचा होता हे मी नंतर वाचलं. आजीचा आक्षेप मला आजही त्या कौतुकापेक्षा खरा वाटतो.

पुढं शेवट हा प्रश्न आमच्याकडं जिवंत राहिला त्यात बससेवेचाही वाटा आहे. बेळगावात ग्लोब, चित्रा, प्रकाश, नर्तकी, स्वरूप अशी थिएटरं होती, पण बघणारा निम्मा पब्लिक खेड्यातला. संध्याकाळच्या खेळाला बसलं की शेवटच्या गाडीची धास्ती. सिनेमा चौदा-सोळा रिळांचा असायचा, एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं. नेहमीच्या माणसाला रिळांचा अंदाज असायचा. रीळ बदलायच्या आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारका गोल ठिपका चमकून जातो, तो मोजत बसणारे लोक मी बघितलेत. शेवटून दुसरा ठिपका दिसला की धोतर सावरत उठायचे. खलनायक अजून जिवंत, बहीण अजून दोरखंडानं बांधलेली, आणि हे स्टँडकडं पळायचे. मग दुसऱ्या दिवशी बाजारात, न्हाव्याकडं, तंबाखूच्या वखारीत ज्यानं पुरतं बघितलंय त्याला गाठायचं. शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची अशी सवय लागली, आणि सांगणाऱ्याला शेवट नीट सांगायची. आमच्या आळीतला एक दर्जी शेवट सांगायचा तो मशीन थांबवून. आधी विचारायचा, "तू कुठवर बघितलास?" आणि बरोबर तिथून सुरू करायचा, एक वाक्य अलीकडून नाही की पलीकडून. ज्यानं अजिबात बघितला नाही त्याला मात्र कितीही विनवलं तरी सांगायचा नाही. "तुझं तिकीट मी कशाला फुकट घालवू गा?" हा शिरस्ता आमच्याकडं कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडणाऱ्याला गप्पांत घेत नसत.

फिरत्या तंबू थिएटरची तऱ्हा आणखी निराळी. तिथं येणारी प्रिंट दहा गावं फिरून घासलेली असायची, तुटली की जोडायची आणि जोडताना फुटभर फिल्म जायची. त्यामुळं जांबोटीत बघितलेला शेवट आणि बेळगावात बघितलेला शेवट यात खरोखर फरक असायचा. दोघेही खरं बोलत असायचे आणि दोघांचं भांडण व्हायचं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तो दिवस इथली मराठी माणसं काळा दिवस म्हणून पाळतात, आणि ती जखम मी हलकी करून सांगणार नाही. सिनेमाच्या बाबतीत त्याचे दोन परिणाम झाले. एक, कर्नाटकात करमणूक करातली सवलत कन्नड चित्रपटांसाठी राहिली, मराठी सिनेमा इथं परप्रांतीय ठरला. तो उशिरा यायचा, थोडे दिवस टिकायचा, आणि बघायचा राहिला तर सांगोवांगीच भागवावं लागायचं. दुसरा परिणाम असा की साठच्या दशकापासून कर्नाटकात परभाषेतले सिनेमे कन्नडमध्ये डब करायला कलाक्षेत्रातूनच तीव्र विरोध झाला. तो अडसर कायद्याच्या पातळीवर हलला तो २०१५ मध्ये, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या स्पर्धा आयोगाच्या निकालानंतर. त्यामुळं आमच्याकडच्या प्रेक्षकानं हिंदी सिनेमा हिंदीतच बघितला, मराठी मराठीतच आणि कन्नड कन्नडमध्येच. एका माणसाच्या डोक्यात तिन्ही भाषांचे शेवट शेजारी शेजारी बसले.

१९७२ सालचंच बघा. त्या वर्षी मराठीत शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला आणि कन्नडमध्ये राजकुमार यांचा 'बंगारद मनुष्य'. पिंजऱ्यातले गुरुजी तमासगिरिणीच्या मोहात पडून घसरत जातात. गावाला वाटतं की गुरुजींचा खून झाला, आणि शेवटी त्या खुनासाठी फासावर जातात ते गुरुजीच. स्वतःच्याच खुनाची शिक्षा ते मुकाट घेतात, कारण गावाच्या मनातले गुरुजी जगले पाहिजेत. बंगारद मनुष्यमधला राजीव शहरातून येऊन बहिणीचं उघड्यावर पडलेलं घर सावरतो, खडकाळ माळावर शेती फुलवतो, आणि ज्या भाच्यांना वाढवलं त्यांच्याकडूनच संशय वाट्याला आल्यावर घर सोडून चालता होतो. एक शब्द स्पष्टीकरणाचा बोलत नाही.

हे दोन्ही सिनेमे बघितलेली माणसं आमच्याकडं शेकड्यानं होती, आणि त्यांचे वाद मी लहानपणी ओट्यावर बसून ऐकलेत. वडिलांचे एक मित्र कन्नड शाळेत मास्तर होते. ते म्हणायचे, राजीवानं घर सोडलं हे बरोबर, माणसानं मान राखून उठावं. वडील म्हणायचे, तुमचा राजीव निदान जिवंत तरी आहे, आमच्या गुरुजीनं गळा दिला. मग मास्तर विचारायचे तो प्रश्न मला अजून आठवतो, "पण खरं सांगायचं धाडस दोघांनाही का झालं नाही?" वडिलांकडं त्याचं उत्तर नव्हतं. चहा आला की विषय भाताच्या मळणीवर जायचा, आणि चार दिवसांनी पुन्हा तिथंच यायचा. भाषेवरून त्या दोघांचं कडाक्याचं वाजलेलंही मी बघितलंय, पण या दोन शेवटांवर बोलताना 'तुमचा' आणि 'आमचा' हे शब्द नात्यातल्यासारखे यायचे.

शेवट 'करणारा' दिग्दर्शकच असतो असंही नाही, हे लोकांना 'शोले'मुळं कळलं. १५ ऑगस्ट १९७५, आणीबाणीचे दिवस. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. सेन्सॉरनं ते चालू दिलं नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन त्याला पकडतात असा शेवट नव्यानं चित्रित झाला. पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह तो पडद्यावर आला. आमच्या दर्ज्याला हे बघायला मिळायला हवं होतं. "पोलीस कुठून उगवले एकदम?" हा त्याचा १९७५ पासूनचा प्रश्न.

व्हीसीआरच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गणपतीत मंडळं भाड्यानं संच आणून चौकात सिनेमे लावायची, आणि गर्दीतला एखादा 'शेवट परत लाव रे' म्हणून ओरडायचा. कॅसेट मागं फिरवता येते, हे कळल्यावर आधीची हुरहूर थोडी कमी झाली खरी.

ती परत आली २०१६ मध्ये, 'सैराट'बरोबर. पुढच्याच वर्षी त्याचं कन्नड रूप 'मनसु मल्लिगे' आलं, नायिका तीच, रिंकू राजगुरू. पण आमच्याकडं लोकांनी मूळ मराठीच बघून घेतला होता, कन्नड बोलणाऱ्यांनीसुद्धा. इतकी वर्षं झाली म्हणून शेवट सांगतो. माहेरची माणसं भेटी घेऊन घरी येतात, आर्ची-परशाला मारून निघून जातात, आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं त्यांचं लहानगं पोर परत येऊन त्या रक्तातून चालत बाहेर येतं. पडद्यावर आवाज नाही, नुसती पावलं. बेळगावहून परतताना वडापच्या जीपमध्ये आम्ही अकरा जण होतो, त्यातले सात-आठ तरी सिनेमा बघून आलेले. खानापूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. मावशीनं दारातच विचारलं, "शेवट कसा केलाय?" तिला मी आयुष्यभर सगळे शेवट सांगत आलो. त्या दिवशी म्हणालो, तू बघून ये.

ती गेली शेजारच्या अक्कांना घेऊन. अक्का मूळच्या बैलहोंगलच्या, मराठी त्यांना निम्मं समजतं. दोघी परत आल्या आणि चपला न काढता ओसरीवरच बसल्या. बऱ्याच वेळानं अक्का म्हणाल्या, "आमच्या संग्याला मारलं तवा बाळ्याला तरी रडताना बघितलं. इथं रडणारं कोणच ठेवलं न्हाई."

मावशी म्हणाली, "त्या लेकराचं काय होणार हो?"

"शेजारीण हाय की," अक्का म्हणाल्या. "तिनंच आणून सोडलं नव्हं त्याला दारात? ती बघेल."