मिक्सिनमध्ये कोंडलेले ब्राउझर : थोडी पार्श्वभूमी

साइट दाखवायला राजवाड्याजवळच्या पेढीवर गेलं की शेठजी ती आपल्याच संगणकावर उघडून बघणार, हे इंदूरमधले वेब डेव्हलपर बरीच वर्षं धरूनच चालत. त्या संगणकावर बहुधा विंडोज एक्सपी असायचं, आणि एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोररची आठच्या पुढची आवृत्ती चढत नसे. म्हणजे गोल कोपरे नाहीत, मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे नियम) नाहीत. शेठजींचा मुलगा तीच साइट फोनवर उघडायचा, तिथे तिसरंच काही दिसायचं. सास, म्हणजे साइटचं रूप ठरवणारी सीएसएस सोप्या पद्धतीने लिहून मग तिच्यात संकलित करायची भाषा, आपल्याकडे रुळलं ते या ओढाताणीत.

सास २००६ मधलं, त्याची कंसांची एससीएसएस धाटणी २०१० मधली. मधे २००९ मध्ये लेस ही तशीच दुसरी भाषा आली. व्हेरिएबलबद्दल (रंगासारख्या किमतीला एकदाच दिलेलं नाव) वेगळं सांगायला नको. पण सास लोकांनी उचललं ते मिक्सिनांमुळे, म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या ओळींच्या गठ्ठ्यांमुळे, आणि मिक्सिन लागले प्रीफिक्सांमुळे, म्हणजे वैशिष्ट्याच्या नावाआधी लावायच्या ब्राउझरच्या खुणांमुळे.

ब्राउझरने कच्चं वैशिष्ट्य आपापल्या प्रीफिक्सखाली द्यावं आणि मानक ठरलं की प्रीफिक्स सुटावा, असा मूळ बेत. ग्रेडियंटने, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात जाणाऱ्या छटेने, त्याचा बोजवारा उडवला. सफारीचं इंजिन असलेल्या वेबकिटने २००८ मध्ये आणलेली रचना एक, नंतरची दुसरी. दुसरीत ‘टॉप’ लिहिलं की रंग वरून सुरू व्हायचा. मानकात मात्र ‘टू बॉटम’, म्हणजे रंग कुठे जातो ते लिहायचं. गणेशोत्सवाच्या पानावर एक केशरी पट्टा हवा तर चार-पाच ओळी, शिवाय जुन्या एक्सप्लोररसाठी फिल्टर वेगळा. फ्लेक्सबॉक्सच्या, म्हणजे घटक ओळीत किंवा रकान्यात मांडायच्या पद्धतीच्याही अशाच तीन पिढ्या झाल्या. मिक्सिनने हे सगळं एका नावामागे बंद केलं.

वाद पेटला तो २०१२ मध्ये. मोबाइलसाठी लिहिणारे कितीतरी जण फक्त वेबकिटचा प्रीफिक्स देऊन मोकळे होत. मग ऑपेराने मोबाइलवर वेबकिटचे काही प्रीफिक्स स्वतःच वाचायला घेतले. हे म्हणजे मानकांना तिलांजली, अशी ओरड झाली. दुसरी बाजू म्हणत होती की मोडकी साइट बघणाऱ्याचा यात काय दोष? मला ही दुसरी बाजू पटते. मिक्सिनांनी आळस वाढवला, हा त्या वेळचा आरोप तर साफ चुकीचा होता: मिक्सिन वापरणाऱ्यांकडे सगळे प्रीफिक्स आपोआप पडत, एकच देणारे हाताने लिहिणारेच जास्त. वर्षभरात ऑपेराने स्वतःचं इंजिन सोडलं. फायरफॉक्सनेही २०१६ मध्ये वेबकिटचे प्रीफिक्स स्वीकारले, तेव्हा कुणी फारशी ओरड केली नाही.

आळस वाढवला असेल तर नेस्टिंगने, म्हणजे नियमाच्या पोटात नियम लिहिण्याच्या सोयीने. चार पातळ्या आत लिहिलेला कोड संकलित झाला की सिलेक्टरांची (नियम पानातल्या कुणाला लागू ते सांगणाऱ्या नावांची) रांगच लागते, आणि एक्सप्लोरर नऊपर्यंत एका स्टाइलशीटमध्ये ४०९५ सिलेक्टरांची मर्यादा होती. त्यापुढचे नियम तो गुपचूप सोडून द्यायचा. तळपट्टीचा रंग का लागत नाही हे शोधण्यात अख्खी दुपार जायची, कारण तळपट्टीची फाइल बहुधा शेवटी जोडलेली.

२०१३ मध्ये प्रीफिक्स आपोआप जोडणारा ऑटोप्रीफिक्सर आला आणि प्रीफिक्सांचे मिक्सिन निरुपयोगी झाले. ते एका फाइलमध्ये नीट ठेवणाऱ्यांनी ती फाइल रिकामी करून टाकली. जिथे-तिथे पसरवलेल्यांचं काम अजून चालू आहे. रूबी भाषेत लिहिलेलं सास २०१९ मध्ये थांबलं, डार्ट भाषेतलं राहिलं. त्याच वर्षी दुसरी फाइल जोडायच्या ‘इम्पोर्ट’ऐवजी ‘यूज’ आलं आणि कोणतं व्हेरिएबल कोणत्या फाइलचं हे अखेर दिसू लागलं. २०२४ पासून ‘इम्पोर्ट’वर इशारे येतात. नेस्टिंग तर २०२३ मध्ये थेट ब्राउझरांतच आलं.

तरी मराठी बातमीचं शीर्षक दोन ओळींवर कापायचं असेल, तर फ्लेक्सबॉक्सच्या पहिल्या पिढीतली वेबकिट-बॉक्सची ओळ आजही लिहावीच लागते, आणि २०१९ पासून फायरफॉक्सही ती मानतो. ओळीची उंची मात्र सढळ ठेवा, नाहीतर दुसऱ्या ओळीखालचे उकार कापले जातात.