मिळकतकराची आकारणी चुकली असेल तर: हरकत, सुनावणी आणि अपील

"कर फार जास्त आहे, कमी करून मिळावा" असा अर्ज टिकत नाही. कराचे दर महापालिकेची मुख्य सभा ठरवते आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला ते बदलता येत नाहीत. त्याला बदलता येते ते तुमच्या घराचे करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर मोजतात ती. ज्या नोंदींवरून ते काढले, त्यातली नेमकी कोणती नोंद चुकली हे अर्जात लिहावे लागते.

इथली माहिती मुंबईबाहेरच्या, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू असलेल्या आणि भाडेमूल्यावर आकारणी करणाऱ्या महापालिकांसाठी आहे. उदाहरणे पुण्याची घेतली आहेत. मुंबईला वेगळा कायदा आहे आणि तिथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आकारला जातो. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची वाटही निराळी आहे.

आधी हिशेब तपासा

घर वाजवी भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, हा आकारणीचा पाया आहे. क्षेत्रफळ गुणिले दर चौरस फुटाचा मासिक भाड्याचा दर गुणिले १२ म्हणजे वार्षिक भाडे. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते. समजा ६०० चौरस फूट चटई क्षेत्र (भिंती सोडून आतली वापरायची जागा) आहे आणि दर २.५० रुपये आहे (आकडा फक्त समजण्यासाठी). वार्षिक भाडे १८,००० आणि करयोग्य मूल्य १६,२०० रुपये. आता निरीक्षकाने चटई क्षेत्राऐवजी भिंतींसह मोजलेले बांधीव क्षेत्र ७२० धरले, तर हेच मूल्य १९,४४० होते. एका चुकीच्या नोंदीने दरवर्षीचा कर पाचव्या हिश्शाने वाढला आणि कोणी हरकत घेतली नाही तर तो तसाच चालत राहतो.

क्षेत्रफळाखालोखाल चूक होते ती वापराच्या नोंदीत. घरात शिकवणी किंवा छोटा दवाखाना असला की कधीकधी सगळे घर बिगरनिवासी धरले जाते. तसे झाले असेल तर तेवढ्याच खोलीचे क्षेत्र वेगळे काढून मागा. बांधकामाचा प्रकार हाही पाहण्यासारखा मुद्दा आहे: पत्र्याच्या शेडला आरसीसीचा दर लागलेला असू शकतो. एकाच घराला दोन मिळकत क्रमांक पडून दुहेरी आकारणी झाली असेल, तर दोन्ही बिले जोडून एक क्रमांक रद्द करून मागावा.

आकारणी कधीपासून लावली, हेही बघा. याच अधिनियमाच्या अनुसूची 'ड'मधल्या कराधान नियमांतील नियम २० नुसार वर्षाच्या मध्ये आकारणी पुस्तकात (मिळकतींच्या आकारणीच्या नोंदवहीत) केलेली दुरुस्ती चालू आर्थिक वर्षाच्या मागे जात नाही. त्या वर्षात बदलाचे कारण जेव्हा घडले तेव्हापासूनच ती लागू होते. आकारणीतून सुटलेल्या मिळकतींसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. म्हणून मागच्या वर्षांचा कर मागितला असेल, तर नोटिशीत कोणते कलम वा नियम लिहिला आहे ते वाचा. काहीच लिहिले नसेल तर हरकतीत तोच पहिला मुद्दा घ्या.

मुदत

पहिल्यांदा आकारणी झाली किंवा करयोग्य मूल्य वाढले, की मालकाला किंवा भोगवटादाराला (जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याला) विशेष नोटीस द्यावी लागते. हरकतीची मुदत नोटिशीवर छापलेली असते आणि ती नोटीस बजावल्यापासून मोजतात. दिवस पंधरा असोत की एकवीस, पंधराच्या आत अर्ज द्या म्हणजे वाद उरत नाही. नोटिशीच्या पाकिटावर ती मिळाल्याची तारीख लिहून पाकीट जपून ठेवा. मुदत गेली तर पुढच्या अपिलाचीही वाट बंद होते, कारण आधी हरकत घेऊन तिच्यावर निर्णय झालेला नसेल तर न्यायालय करयोग्य मूल्याविरुद्धचे अपील ऐकत नाही.

नव्या इमारतींत एक अडचण नेहमीची. मिळकत अजून बिल्डरच्या नावावर असते, नोटीस त्याच्याकडे जाते आणि सदनिकाधारकाला ती कळेपर्यंत मुदत संपते. ताबा मिळाल्याबरोबर नाव हस्तांतराचा अर्ज करावा तो यासाठीच.

कागदपत्रे

हरकतीच्या अर्जाला ठरावीक छापील नमुना लागतोच असे नाही. साधा लेखी अर्जही चालतो. त्यात मिळकत क्रमांक, नोटिशीचा क्रमांक व तारीख, चुकलेली नोंद, योग्य नोंद आणि तुमच्या हिशेबाने येणारे करयोग्य मूल्य आकड्यात लिहा. सोबत विशेष नोटिशीची प्रत, आधीचे बिल, नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातून मिळणारा इंडेक्स-२), मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र जोडा. क्षेत्रफळाचा वाद असेल तर आर्किटेक्टचा चटई क्षेत्राचा दाखला लावा. जाहिरातीतले किंवा विक्रीयोग्य क्षेत्र इथे उपयोगाचे नाही. वापराचा किंवा तारखेचा वाद असेल तर वीजबिल आणि ताबापत्र बोलके ठरतात. त्याच इमारतीतल्या तेवढ्याच क्षेत्राच्या शेजारच्या सदनिकेचे बिल मिळाले तर अवश्य जोडा; भाड्याचा दर वेगळा का लावला, याचे उत्तर मग विभागाला द्यावे लागते.

आकारणी पुस्तक पाहण्याचा हक्क मालकाला व भोगवटादाराला आहे. मोजणीचा कागद मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, पण उत्तराची वाट पाहत हरकत थांबवू नका. तिथली मुदत ३० दिवसांची आहे. तोवर तुमची मुदत सरलेली असेल.

अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. शिक्का नसलेली प्रत पुढे पुरावा म्हणून चालत नाही.

सुनावणी

तारीख लेखी कळवली जाते. स्वतः जाता येत नसेल तर अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठवा. कोणीच गेले नाही तर एकतर्फी निर्णय होतो. क्षेत्रफळाचा प्रश्न असेल तर पेठ निरीक्षकाकडून (तुमच्या भागाच्या कर निरीक्षकाकडून) समक्ष फेरमोजणी मागा आणि मोजणीच्या कागदावरचे आकडे वाचल्याशिवाय सही करू नका. सुनावणीत तोंडी सांगितलेले सगळे नंतर एका पानावर लिहून आवक करा. निर्णयाची लेखी प्रत मागून घ्या, कारण अपिलाचे दिवस त्या निर्णयापासून सुरू होतात.

न्यायालयात अपील

अधिनियमाच्या कलम ४०६ नुसार अपील पुण्यात लघुवाद न्यायालयात आणि इतर शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जाते. मुदत १५ दिवस. खरी अट पैशांची आहे. वादातल्या मूल्यावर अपील दाखल करण्याच्या दिवसापर्यंत होणारा कर महापालिकेकडे भरलेला असावा लागतो, नाहीतर अपील दाखल करून घेत नाहीत. या टप्प्यावर वकील घ्यावा, त्यात काटकसर करू नये.

हरकत प्रलंबित आहे म्हणून बिल थकवणे महागात पडते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते. "हक्क अबाधित राखून भरणा" असे पत्र देऊन कर भरावा.

पुण्यातली ४० टक्के सवलत हा या सगळ्यापेक्षा वेगळा विषय आहे. स्वतः राहत असलेल्या घरासाठीची ही सवलत १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा लागू झाली आणि तिच्यासाठी पीटी-३ अर्ज स्वतंत्रपणे, स्ववापराच्या पुराव्यासह द्यावा लागतो. हरकतीच्या अर्जात ही मागणी घुसडली तर दोन्ही कामे रेंगाळतात.

निर्णय तुमच्या बाजूने लागला की पुढचे बिल येण्याआधी विभागात जाऊन संगणकावरची नोंद बदलली का ते पाहा. जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागण्याचा अर्ज निर्णयाची प्रत जोडून त्याच वेळी द्या.