सुराला गरमी चालते, मग बियरला का नाही?

रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, सकाळी माडावरून मडकं उतरवतो तेव्हा आतला रस आधीच फेसाळलेला असतो. कोणी त्यात काही घातलेलं नसतं. माडाच्या रसात साधारण 15 टक्क्यांपर्यंत साखर असते आणि हवेतलं, मडक्याच्या भिंतीवरचं यीस्ट तिच्यावर लगेच कामाला लागतं. हाच सूर, म्हणजे माडी, घालून आपल्याकडे गोव्यात सान्ना (इडलीसारखा तांदळाचा पदार्थ) फुगवतात, पूर्वी पोदेर (पाववाले) पावसुद्धा याच सुरावर फुगवायचे. त्यामुळे गोव्यातल्या माणसाला वाटतं की आंबवणं तर आपल्या घरचंच, बियर काय कठीण असणार. मलापण तसंच वाटलं होतं, आणि एप्रिलमध्ये फोंड्याला मित्राच्या घरी आम्ही पहिली 5 लिटरची बॅच लावली, आठ दिवसांनी झाकण उघडलं तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. रेसिपी बरोबर होती, भांडी स्वच्छ होती, मग चुकलं काय हे शोधायला मी जे वाचलं-शिकलो ते इथे लिहितोय.

त्याआधी एक गोष्ट, सरळ सांगतो. गोव्यात दारू बनवण्याला 1964 चा अबकारी कायदा लागू आहे आणि त्यासाठी लायसन्स लागतं, तेव्हा काहीही लावायच्या आधी अबकारी खात्यात जाऊन विचारून या. आणि घरी भाटी लावून गाळायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, त्यात आगीचा धोका आहे आणि चुकीचं गाळलेलं पिणं जीवावर बेतू शकतं.

आता मुद्दा. माडाच्या रसात किंवा काजूच्या बोंडूत साखर आयती असते, बार्लीत नसते, तिथे असतो स्टार्च आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग वाळवतात, यालाच माल्ट म्हणतात. मोड आले की दाण्यात अमायलेज नावाचे एन्झाइम तयार होतात, आणि हे माल्ट भरडून 65 ते 68 डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवलं की ते एन्झाइम स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. पाणी 78 च्या वर गेलं की एन्झाइम मरतात आणि पुढे कितीही थांबलात तरी साखर होत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर इथे सगळ्यात महत्त्वाचं हत्यार. 5 लिटर बियरला सव्वा किलोच्या आसपास माल्ट पुरतं. साखर झाली का ते बघायला त्यातलं चमचाभर पाणी बशीत घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाका, निळंकाळं झालं तर स्टार्च अजून शिल्लक आहे.

मग चोथा काढून ते गोड पाणी तासभर खळखळून उकळायचं आणि त्यात हॉप्स घालायचे, 8-10 ग्रॅम खूप झाले. बियरचा कडूपणा या फुलांचा, पण तो नुसतं भिजवून येत नाही, उकळताना त्यातल्या ॲसिडची रचना बदलते तेव्हाच ते पाण्यात नीट उतरतं. उकळेपर्यंत भांड्यात जंतू असले तरी फरक पडत नाही, सगळे मरणार आहेत. उकळून झाल्यावर मात्र चमचा, बादली, नळी, हात, जे जे त्याला लागणार ते सगळं निर्जंतुक हवं.

इथून पुढे गोव्याची अडचण सुरू होते. हे पाणी लवकरात लवकर 20 डिग्रीपर्यंत आणायचं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच 28-30 ला असतं, त्यामुळे टबमध्ये भांडं ठेवून पाण्याने अर्धं थंड करायचं आणि उरलेलं बर्फाने. मग यीस्ट, 5 लिटरला 3-4 ग्रॅम सुकं. एल बियरचं, म्हणजे आम्ही लावली त्या प्रकारच्या बियरचं, यीस्ट 18 ते 22 डिग्रीत खूश असतं. आम्ही बादली 31 डिग्रीच्या खोलीत ठेवली होती, आणि यीस्ट साखर खाताना स्वतःची उष्णता सोडतं, म्हणजे आत खोलीपेक्षा 3-5 डिग्री जास्तच असणार. एवढ्या गरमीत यीस्ट भराभर वाढतं आणि इथाइल ॲसिटेट आणि जड अल्कोहोल जास्त सोडतं. इथाइल ॲसिटेट म्हणजेच तो नेलपॉलिशचा वास. यातली बरीचशी बिघाडी पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते, नंतर बादली फ्रिजमध्ये ठेवून ती भरून निघत नाही.

मग सुराला गरमी कशी चालते? कारण सूर त्याच दिवशी प्यायचा असतो, थोडा आंबट लागलेला आपल्याला आवडतो, आणि ठेवला तर काही दिवसांत त्याचा विनेगर होतो जो आपण सोरपोतेलात (डुकराच्या मटणाच्या रश्शात) घालतो. बियरला दोन आठवडे त्याच बादलीत काढायचे असतात आणि तिची चव इतकी हलकी की लपायला जागाच नाही.

लागर या दुसऱ्या प्रकारच्या बियरचं यीस्ट तर अजूनच थंडीतलं, 8 ते 13 डिग्री. ते दोन यीस्टचं संकर आहे, त्यातलं एक पालक कित्येक वर्षं सापडत नव्हतं, शेवटी 2011 मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सापडलं. मला ही गोष्ट फार आवडते. नवशिक्याने गोव्यात लागरच्या वाटेला जाऊ नये.

गरमीवर उपाय काय? ओलं फडकं गुंडाळणं कोरड्या हवेत चालतं, इथे दमटपणामुळे फडकं वाळतच नाही मग गारवा कुठून येणार. बादली पाण्याच्या टबमध्ये ठेवा आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, आमची दुसरी बॅच अशीच 21-22 वर राहिली आणि वास स्वच्छ आला. दुसरा रस्ता म्हणजे क्वाइक, नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट, ते लाकडी कड्यांवर सुकवून ठेवायचे, आणि ते 30 ते 40 डिग्रीतही स्वच्छ चव देतं. गोव्यासाठी याच्यापेक्षा चांगलं यीस्ट मला तरी माहीत नाही.

बाटलीत भरायची घाई करू नका. हायड्रोमीटरने, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीने, मोजा, सुरुवातीला 1.048 आणि शेवटी 1.010 आलं तर अल्कोहोल साधारण 5 टक्के. तीन दिवस तोच आकडा आला तरच भरा आणि लिटरमागे 6-7 ग्रॅम साखर, वजन करून, अंदाजाने नको. साखर जास्त झाली किंवा आंबणं बाकी राहिलं तर आतल्या कार्बन डायऑक्साइडने बाटली फुटते, आणि काचा डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून जाड काचेच्या बियरच्याच बाटल्या घ्या आणि भरलेल्या बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात ठेवा.

पहिली बॅच डिसेंबर-जानेवारीत लावा, रात्री पारा 20 च्या आसपास येतो तेव्हा. तिसऱ्या दिवशी झाकणाजवळ नाक न्या, भाजलेल्या पावासारखा वास आला तर यीस्ट बरं आहे, त्याला तसंच राहू द्या.