मका, अळी आणि ‘सहनशील’ हा शब्द

दुष्काळासाठी मक्याची निवड नेमकी कशावरून करायची, याचे व्यवहारी उत्तर 1975 पासून मेक्सिकोत आकाराला आले. कोरड्या हंगामात पीक घ्यायचे, फुलोऱ्याच्या तोंडावर पाणी तोडायचे आणि पराग देणारा तुरा व तो झेलणारे कणसाचे केस यांच्या बाहेर पडण्यात किती दिवसांचे अंतर पडते ते मोजायचे. ताण पडला तरी तुरा वेळेवर येतो, केस मागे राहतात. ते बाहेर पडेपर्यंत पराग झडून गेलेला असतो आणि कणीस बोडके राहते. हे अंतर कमी असणारी झाडे निवडायची आणि त्यांच्या बियांतून पुन्हा निवड करायची, अशी आठ चक्रे झाली. आफ्रिकेसाठीचे दुष्काळी वाण याच कामावर उभे राहिले. उष्णतेचे काम दक्षिण आशियात 2012 नंतर वाढले. पारा चाळिशीकडे गेला की पराग निकामी होतो, हे तिथले मूळ दुखणे.

मग लष्करी अळी आली. 2016 मध्ये आफ्रिकेत, मे 2018 मध्ये कर्नाटकात, सप्टेंबरपर्यंत सोलापूर जिल्ह्यात. पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) उघडला की ओल्या भुशासारखी विष्ठा आणि खाली डोक्यावर उलटा ‘वाय’ असलेली अळी. किडीला तोंड देणारे वाण ज्यातून घडवायचे ते मूळ बियाणे मात्र जुनेच होते: अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरच्या मक्यापासून अमेरिकेतल्या मिसिसिपीत आणि मेक्सिकोत काढलेल्या लाइन, म्हणजे संकरासाठी वापरायचे शुद्ध वाण.

खरा घोळ ‘सहनशील’ या शब्दाचा आहे. 1951 सालच्या एका मांडणीनुसार पीक किडीला तीन प्रकारे तोंड देते: किडीला ते आवडत नाही, ते खाऊन किडीची वाढ खुंटते, किंवा कीड खाते पण उत्पादन टिकते. यातला तिसरा प्रकार म्हणजे सहनशीलता. डिसेंबर 2020 मध्ये आफ्रिकेसाठी लष्करी अळीला तोंड देणारे मक्याचे तीन संकरित वाण (संकर) जाहीर झाले, तेव्हा त्यांना ‘सहनशील’ म्हटले गेले. पण केनियातल्या जाळीघरांत झाडांवर अळ्या सोडून 1 ते 9 गुण दिले जातात ते पानांच्या नुकसानीला, आणि या संकरांची पानेच कमी खाल्ली गेली होती. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने हा अंशतः प्रतिकार. तरीही मला ‘सहनशील’ हाच शब्द योग्य वाटतो. मराठीत ‘प्रतिकारक’ म्हटले की शेतकरी अळी लागणारच नाही असे समजतो आणि पाहणी सोडतो. हे वाण लावले तरी उगवणीपासून पोंगे उघडून पाहावेच लागतात.