पाणी बघणे (कोकण)

विहिरीची जागा बेचकी, तारा किंवा नारळ हातात धरून ठरवण्याची प्रथा. हे काम करणारा तो पाणाडी.

बेचकी उंबराच्या, जांभळीच्या किंवा पेरूच्या ओल्या फांदीची असते. फाटे करंगळीएवढे जाड, हातभर लांब. तळवे वर करून फाटे मुठीत धरतात आणि बाहेरच्या बाजूला ताणतात. अशी ताणलेली बेचकी इतकी तोलावर येते की मनगट तीळभर वळले तरी टोक झपकन खाली जाते. तांब्या-पितळेच्या तारा काटकोनात वाकवून आखूड बाजू मुठीत सैल धरतात. पाणी असेल तिथे त्या एकमेकींवर आडव्या येतात अशी समजूत आहे. नारळ तळहातावर आडवा ठेवतात, तो उभा राहिला की पाणी. खूण मिळाली तिथे खुंटी ठोकून पाणाडी पुन्हा आडव्या दिशेने चालतो. दोन रेषा जिथे छेदतात ती विहिरीची जागा.

बेचकी खरोखरच फिरते आणि पाणाडी बहुधा प्रामाणिक असतो. स्नायू नकळत हलतात, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये मांडले. जर्मनीत कासेल येथे १९९० मध्ये पुरलेल्या नळातून पाणी वाहते आहे की नाही हे पाणाड्यांना ओळखायला सांगितले. उत्तरे अंदाजाने द्यावीत तितपतच बरोबर आली.

तरीही पाणाड्याचे नाव टिकते, कारण कोकणात जून ते सप्टेंबर इतका पाऊस पडतो की दिवाळीपर्यंत जवळपास कुठेही खणले तरी पाणी दिसते. खरी परीक्षा मे महिन्यात. सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा, जांभा (तांबडा दगड) सच्छिद्र असतो. पाणी त्यातून उतरते, खालच्या शेडीवर (मऊ चिकण मातीवर) अडते आणि उताराच्या कडेला झऱ्याने बाहेर पडते. म्हणून सड्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात, सड्याच्या पायथ्याच्या टिकतात. शेडीत खणताना कडा ढासळतात, तेव्हा चिऱ्याची (जांभ्याच्या घडीव दगडाची) बांधणी लगोलग करावी लागते. खाली काळा पाषाण लागला तर पाणी फक्त भेगांत मिळते, आणि भेग चुकली की खर्च बुडतो.

जागा ठरवायची तर मेमध्ये शेजारच्या विहिरींत दगड बांधलेली दोरी सोडून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजावे. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने सगळ्या काठांची उंची जुळवली की पाण्याचा उतार कागदावर दिसतो. एवढे काम दोन माणसे एका दिवसात करतात, आणि बेचकीपेक्षा ते कितीतरी भरवशाचे. खोदाईही मेमध्येच करावी. तेव्हा लागलेले पाणी वर्षभर पुरण्याची आशा धरता येते.

पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत) आणि खाडीकाठी वेगळीच काळजी. तिथे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. ती पातळी उपशाने फूटभर उतरून तशीच राहिली तर खारे पाणी त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ४० फूट, वर चढते. अशा जागी विहीर उथळ आणि रुंद ठेवावी, पंप थोडा थोडा वेळ चालवावा. पाणी मचूळ लागले की उपसा लगेच थांबवावा. आणखी खोल खणल्यास विहीर कायमची खारट होऊ शकते.