संसर्ग टॉयलेट सीटवरून येत नाही

‘बाहेरच्या टॉयलेटला गेले आणि इन्फेक्शन घेऊन आले.’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते खरंच वाटतं. पण मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा जिवाणू असतो, आणि तो आपल्याच आतड्यात राहतो. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गात शिरतो आणि वर चढत मूत्राशयाला सूज आणतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, पुरुषांचा सुमारे २० सेंटीमीटरचा. त्रास बायकांना जास्त का, हे यातच आलं. सीटला टेकते ती मांडी, मूत्रमार्ग नव्हे.

गंमत म्हणजे, नुकसान सीटपेक्षा सीटच्या भीतीने होतं. टॉयलेट नको म्हणून पाणी कमी प्यायचं, तासन्‌तास लघवी दाबून धरायची, गेलंच तर अधांतरी बसून घाईत उरकायचं. मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नाही की जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो. वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या स्त्रियांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ संसर्ग झाले, तर नेहमीइतकंच पिणाऱ्यांना ३.२. संबंधानंतर लघवी करून येणंही बरं.

जळजळ, सारखी घाई किंवा लघवीत रक्त दिसलं तर तपासणी करा. घरातली उरलेली अँटिबायोटिक्स नकोत. थंडीताप आणि कमरेच्या वर, बरगड्यांखाली दुखत असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदरपणात तर लक्षणं नसतानाही लघवीत जिवाणू सापडले तर उपचार करावे लागतात.